सगळं वाचूनही परीक्षेत आठवत नाही. पहिल्या वर्षी अभ्यास कसा करावा? आणि हॉस्टेल घ्यावं की खोली?

उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण पहिल्या वर्षी मी अगदी हेच म्हणत होते.

दुसऱ्या सत्रात थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला बसले तेव्हा नोट्स चार वेळा वाचून झाल्या होत्या. अर्धी वही हायलायटरने पिवळी. एन्ट्रॉपीचा प्रश्न आला आणि मला काय आठवलं? सूत्र डाव्या पानावर खाली आहे, शेजारी शाई सांडलीय, वर पिवळा पट्टा आहे. सूत्र तेवढं आठवेना. विषय राहिला.

फेरपरीक्षेसाठी पद्धत बदलली. वाचून झालं की वही मिटायची, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते आकृतीसकट लिहायचं, मग वही उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. कार्नो सायकलच्या, म्हणजे आदर्श उष्णता-इंजिनाच्या चक्राच्या, चार पायऱ्यांपैकी पहिल्यांदा दोनच आल्या, त्याही आयसोथर्मलच्या जागी अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक. कागद लालच लाल. तिसऱ्या वेळी लाल खुणा दोनच होत्या.

नेमका त्याच सुट्टीत दादा म्हणाला, "पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसायचं, याला अभ्यास म्हणतात होय? पाच वेळा वाच, आपोआप डोक्यात बसेल." दादा कायम पहिला येणारा, त्यामुळे घरातले सगळे त्याच्याच बाजूने. मला फार लागलं ते. तेव्हा उत्तर देता आलं नाही.

आज देता येतं. रोएडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींनी एक उतारा चार बैठकांत वाचला, काहींनी एकाच बैठकीत वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारेच पुढे. आठवड्याने विचारलं तर त्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. वाचून उठल्यावर "येतंय सगळं" असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं खरंही असतं, म्हणूनच माणूस फसतो. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडलं होतं. म्हणून पहिला कागद तास झाला त्याच संध्याकाळी लिहा, परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

आणि दादा नुसता पाच वेळा वाचून पहिला येत नव्हता. तो जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायचा, पुस्तक मिटूनच! म्हणजे करायचा तेच जे मी करत होते, आणि श्रेय द्यायचा वाचनाला.

सिनियरच्या नोट्सची झेरॉक्स काढून ठेवणं म्हणजे अभ्यास नव्हे. हायलायटर टाकून द्या.

हो, एक सांगायचं राहिलं. मुळात जे समजलेलंच नाही ते आठवून लिहिण्यात अर्थ नाही. एखादी सिद्धता कुठे अडते ती ओळ वहीत खूण करून सरांकडे किंवा मॅडमकडे जा. "काहीच कळलं नाही" असं म्हणू नका, ती ओळ दाखवा, मग त्यांनाही नेमकं सांगता येतं.

हॉस्टेल की खोली? जिथे रोज संध्याकाळी तासभर कोणी दार वाजवणार नाही, ती जागा घ्या. आणि खोलीतल्या जोडीदाराला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा की मी भिंतीकडे बघत असले तरी अभ्यासच करतेय.