थँक्सगिव्हिंगला वीस-बावीस माणसं मुक्कामाला आहेत. रात्री तयार करून सकाळी ओव्हनमध्ये ढकलता येईल असा गोड-खारा ब्रेकफास्ट कॅसरोल कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारनंतर शुक्रवारी सकाळी घरात वीस-बावीस जण असतील. काही पहाटेच त्या दिवशीच्या मोठ्या सेलला पळणार, काही दहाला उठणार, निम्मे शाकाहारी, आणि तुम्हाला ओट्याशी उभं राहून कढईमागून कढई पोहे परतायचे नाहीत. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे सॉसेज, सफरचंद आणि मेपल सिरप घातलेला कॅसरोल (अंड्या-दुधात भिजवलेल्या ब्रेडचे थर ट्रेमध्ये भाजून करतात तो) खाल्लात, तसा करायचाय. जरूर करा. इतक्या माणसांना एवढ्या कमी धावपळीत गरम नाश्ता देणारा दुसरा पदार्थ निदान मला तरी माहीत नाही. मी बॉस्टनजवळ राहते आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा थँक्सगिव्हिंगलाच जास्त गर्दी असते, कारण सगळ्यांना सलग चार दिवस सुट्टी तेव्हाच मिळते.

आधी हिशेब. इथे जवळपास प्रत्येक घरात असतो तो ९ बाय १३ इंचांचा ट्रे, हेच या पदार्थाचं माप. त्याचे बारा तुकडे पडतात, पण आपली माणसं एका तुकड्यावर थांबत नाहीत, म्हणून एक ट्रे आठ ते दहा जणांचा धरा. तुम्हाला तीन ट्रे लागतील: एक सॉसेजचा, एक अंडं चालणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी मशरूमचा, आणि एक अंडं अजिबात न चालणाऱ्यांसाठी. मोठ्या खोल भांड्यात एकदमच सगळं करावं असा मोह होतो. तो टाळा. कडा करपतात तरी मधे कच्चं अंडं राहतं.

एका ट्रेला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम ब्रेड, ८ मोठी अंडी, ३ कप दूध (७०० मिलिलिटरच्या थोडं वर), एक पौंड सॉसेज, दोन सफरचंदं, एक कांदा आणि दोन कप किसलेलं चेडर चीज. तीन कपांतला अर्धा कप दुधाऐवजी हाफ-अँड-हाफ (निम्मं दूध, निम्मी साय) घातलंत तर मिश्रण जास्त मऊ लागतं, नसेल तरी अडत नाही. चमचाभर मोहरीची पूड आणि किंचित जायफळ. मोहरी वगळू नका, चेडरची चव तिच्यामुळेच खुलते. मीठ फक्त अर्धा चमचा, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही खारट. मशरूमच्या ट्रेला एक चमचा.

ब्रेडवर सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे थोडी थांबते. सँडविचचा पांढरा पाव घेतलात तर सकाळी ट्रेमध्ये लगदा सापडेल. हाला (ज्यू लोकांचा वेणीसारखा पाव) किंवा ब्रिऑश (फ्रेंच लोणीदार पाव) घ्या. दोन्हींत मुळातच अंडं आणि किंचित गोडवा असतो, आणि गोड-खाऱ्याची अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. फ्रेंच लोफही चालतो, चव थोडी कोरडी येते. इंचभराचे तुकडे करून ३०० फॅरनहाइटवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. रंग यायला नको, नुसतं बाहेरून कोरडं आणि खरखरीत लागलं पाहिजे. ओला ब्रेड दूध पीत नाही. कोरडा ब्रेड रात्रभर हळूहळू पितो आणि तरी त्याचा तुकडा तुकडाच राहतो.

सॉसेज म्हणजे ब्रेकफास्ट सॉसेज, सुटा खिमा किंवा रोलमध्ये मिळतो तो. त्यात सेज नावाची पाला-वनस्पती आणि मिरी असते, तोच या नाश्त्याचा ओळखीचा वास. इटालियन सॉसेज आणू नका, त्यातली बडीशेप आणि लसूण मेपलशी भांडतात. खिमा परतून चांगला तपकिरी करा आणि सुटलेली चरबी काढून टाका. एक चमचा ठेवा, त्यातच कांदा आणि सफरचंद परतायचंय. सफरचंद ग्रॅनी स्मिथ, म्हणजे हिरवं आंबट. ते शिजूनही फोड धरून राहतं आणि आंबटपणामुळे सगळं मिळमिळीत होत नाही. पाचेक मिनिटं परता, म्हणजे पाणी कढईतच सुटेल, ट्रेमध्ये सुटणार नाही.

डुक्कर न खाणारे कोणी असतील तर चिकन-ॲपल सॉसेज घ्या, पण पाकीट उलटं करून वाचा. आत चिकन आणि वरचं आवरण डुकराच्या आतड्याचं, असं बऱ्याचदा असतं. शाकाहाऱ्यांसाठी चेडर घेतानाही तेच करा: व्हेजिटेबल किंवा मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं घ्या. काही चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं एन्झाइम वापरतात, आणि कडक शाकाहारी मावशींना हे तुम्ही नाही सांगितलं तर त्यांची नात सांगेल.

मशरूमच्या ट्रेत एक पौंड मशरूम, पातळ चिरून, मोठ्या आचेवर, पूर्ण पाणी आटून कडेला तांबूस होईपर्यंत. इथे मात्र मी जाडसर कुटलेली बडीशेप, चिली फ्लेक्स आणि वाळलेला सेज घालते. सॉसेजचा खमंगपणा मशरूममध्ये आपोआप येत नाही, तो असा आणावा लागतो. बाकी सगळं तेच.

आता गोडाचं. बहुतेक जण अंड्या-दुधातच अर्धा कप साखर घालतात. मग तो नाश्ता राहत नाही, शिरा होतो, आणि तिसऱ्या घासाला सॉसेज नको वाटतं. मिश्रणात फक्त दोन टेबलस्पून मेपल सिरप घाला. खरा गोडवा सफरचंदाच्या फोडींत, वरच्या पापुद्र्यावर आणि टेबलावरच्या जगमध्ये असू द्या. शेवटच्या दहा मिनिटांत दोन चमचे सिरप आणि चमचाभर वितळलेलं लोणी एकत्र करून वरून ब्रशने लावा. वरचे ब्रेडचे कोपरे चकाकतात, कुरकुरीत होतात, आणि आत खारं ते खारंच राहतं. कटाच्या आमटीत पुरणपोळी बुडवून खाणाऱ्यांना हे काही वेगळं समजावून सांगायला नको.

सिरप खरं घ्या. पॅनकेक सिरप म्हणून स्वस्तात मिळतं त्यात बहुतेक वेळा कॉर्न सिरप आणि मेपलचा नकली वास असतो. खऱ्या मेपलचं एक गॅलन सिरप करायला साधारण ४० गॅलन झाडाचा रस आटवावा लागतो, त्यामुळे ते महाग असणारच. बाटलीवर 'डार्क' लिहिलेलं घ्या. फिकट सोनेरी सिरप पॅनकेकवर छान, पण चेडर आणि सॉसेजसमोर त्याची चव हरवून जाते.

सफरचंद आणि चेडर ही जोडी विचित्र वाटत असेल तर सांगते, न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या आमच्या ईशान्य कोपऱ्यात, ती जुनी आहे. इथल्या व्हरमाँट राज्याने १९९९ साली ॲपल पायला राज्याचा पाय म्हणून कायद्याने मान्यता दिली. त्याच कायद्यात असंही आहे की तो वाढताना सोबत थंड दूध, निदान अर्ध्या औंसाचा चेडरचा तुकडा किंवा व्हॅनिला आइस्क्रीम देण्याचा मनापासून प्रयत्न करावा. चीजचं वजन कायद्यात घालणाऱ्या राज्याबद्दल मला आदर आहे.

गुरुवारी रात्री, जेवणं उरकल्यावर, ट्रेला लोणी लावा. निम्मा ब्रेड, त्यावर निम्मं सॉसेज-सफरचंद, निम्मं चीज, पुन्हा तसंच. ब्रेडचे काही तुकडे वर डोकावू द्यात, तेच नंतर कुरकुरीत होतात. फेटलेलं अंडं-दूध सगळीकडून सावकाश ओता. मग पसरट उलथन्याने हलकेच दाबा. फटींमधून दूध वर यायला हवं आणि हात काढला की हळूहळू परत खाली जायला हवं. दाबूनही वर आलं नाही तर आणखी पाव कप दूध घाला. फॉइल लावून थेट फ्रीजमध्ये. टर्कीचं उरलंसुरलं आत कोंबण्याआधी या ट्रेंसाठी एक अख्खा कप्पा रिकामा ठेवा, नाहीतर रात्री अकराला फ्रीज पुन्हा लावत बसाल.

एक गोष्ट अजिबात करू नका. ओव्हनला सकाळची वेळ लावून कच्चा ट्रे रात्रभर आत ठेवायचा, ही युक्ती कोणीतरी सुचवेलच. कच्ची अंडी आणि दूध घरच्या उबेत सात-आठ तास म्हणजे पाहुण्यांना आजारी पाडण्याची व्यवस्था.

तुमच्याकडे दोन पाळ्या आहेत, तर अंड्याचे दोन्ही ट्रे एकदम भाजूच नका. एक पहाटेचा, एक साडेआठचा. एकदम दोन ठेवले की वरचा करपतो, खालचा मागे राहतो, मधे कप्पे बदलावे लागतात आणि वेळही वाढतो. पहाटे तुम्हाला उठायचं नसेल तर सेलला जाणाऱ्यांपैकीच कोणावर तरी सोपवा आणि फॉइलवर चिठ्ठी चिकटवा: "३५० डिग्री, ३० मिनिटं झाकून, मग फॉइल काढून २५."

ट्रे फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. काचेचा असेल तर हे विसरून चालणार नाही, गारठलेली काच तापलेल्या ओव्हनमध्ये तडकू शकते. ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस. पहिला अर्धा तास फॉइलखाली, मग उघडा. मधोमध टोचलेला थर्मामीटर १६० फॅरनहाइट दाखवेल तेव्हा झालं. थर्मामीटर नसेल तर मधे सुरी खुपसून थोडी बाजूला सारा: फट ओलसर दिसली तर ठीक, दुधासारखं पाणी आलं तर आणखी दहा मिनिटं. फुगून वर आलेला कॅसरोल बाहेर काढल्यावर बसतो, त्याने घाबरू नका. दहा मिनिटं थांबून कापा, तुकडे सरळ निघतात.

उशिरा उठणाऱ्यांसाठी फॉइल लावून २०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये ठेवा. तासभर मजेत राहतो, पुढे कडा चिवट होतात. बाहेर टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त नको.

राहिला अंड्याशिवायचा ट्रे. याच कॅसरोलमधून अंडं काढून जवसाची पूड नाहीतर कस्टर्ड पावडर घालावी असं सुचवणाऱ्या पाककृती मिळतील. माझं मत स्पष्ट आहे: त्या भानगडीत पडू नका. इथे ब्रेडला धरून ठेवणारं अंडंच आहे, ते नसेल तर हातात ओला पाव येतो. त्यापेक्षा गुजराती हांडवो, म्हणजे डाळ-तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा खारा केक, करा. तोही ओव्हनमध्ये होतो, त्यातही आंबट-गोड-तिखट एकत्र असतं, आणि तो कशाची नक्कल नाही. देशी दुकानात हांडव्याचं जाडसर पीठ मिळतं. तीन कप पिठात दीड कप आंबट दही आणि कोमट पाणी घालून इडलीच्या पिठाएवढं दाट भिजवा. हे गुरुवारी सकाळीच करा. एरवी नोव्हेंबरात पीठ फुगत नाही म्हणून आपण रडतो, पण त्या दिवशी टर्कीमुळे ओव्हन तासन्‌तास चालू असतो आणि स्वयंपाकघर छान उबदार राहतं. पातेलं शेगडीजवळच्या ओट्यावर झाकून ठेवायचं, बस.

संध्याकाळी त्यात दोन कप किसून पिळलेला दुधी, दोन-तीन चमचे गूळ, आलं-मिरची, हळद, मीठ घाला. शेवटी चमचाभर इनो घालून लगेच तेल लावलेल्या ट्रेमध्ये ओता. वरून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि भरपूर तिळाची फोडणी. टर्की निघाली की ३७५ वर पाऊण तास. वरचे तीळ सोनेरी व्हायला हवेत आणि सुरी कोरडी निघायला हवी. हांडवो सकाळी गार खाल्ला तरी उत्तम लागतो, त्यामुळे शुक्रवारी ओव्हनवर त्याचा भार नाही. त्यासाठी वेगळं उलथनं आणि वेगळी सुरी ठेवा, सॉसेजच्या ट्रेतलं इकडे फिरलं की सगळा खटाटोप वाया.

टेबलावर गरम केलेल्या मेपलचा जग, गुरुवारचा उरलेला क्रॅनबेरी सॉस आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवा. क्रॅनबेरी सॉस सॉसेजच्या तुकड्याबरोबर फार चांगला लागतो, आणि त्या निमित्ताने संपतोही. ठेचा कोणी घेणार नाही असं वाटतं, पण आमच्याकडे मेपलच्या जगाआधी तोच संपतो.

ब्रेड मात्र मंगळवारीच आणून ठेवा. बुधवारी संध्याकाळी दुकानात ब्रिऑश आणि हाला मिळणं कठीण, आणि दोन दिवसांचा शिळा पाव या कामाला ताज्यापेक्षा बरा.