जुनी जग्वार, माफ झालेली एमओटी आणि उरलेले सहा दिवस

इंग्लंडमधल्या स्लाउहून एका वाचकांनी लिहिलं आहे. तिथल्याच एका डीलरकडून त्यांनी १९६४ ची जग्वार मार्क २ साडेबावीस हजार पौंडांना घेतली. जाहिरातीत ‘मोर्सची जग्वार’ (म्हणजे टीव्ही मालिकेतल्या इन्स्पेक्टर मोर्सची) आणि ‘एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही’ असं होतं. नवव्या दिवशी गॅरेजवाल्याने गाडी वर चढवली, मागचे पाटे (स्प्रिंगा) जिथे बसतात तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. काळ्या रंगाखाली नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. डीलर म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात आणा, बघू.’ गाडी ताब्यात घेऊन आज चोवीस दिवस झाले.

अशी पत्रं मला सतत येतात आणि जवळजवळ प्रत्येकात हेच ‘बघू’ असतं. तुमचं सगळं प्रकरण त्या एका शब्दावर अडलंय. ग्राहक हक्क कायदा २०१५ च्या कलम २२ प्रमाणे सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागायला तीस दिवस मिळतात. तुम्ही पंधरा दिवस डीलरच्या फोनची वाट बघण्यात घालवलेत. आता सहा उरलेत.

आजच ईमेल करा: गाडी सदोष आहे, मी ती नाकारतो आहे, पूर्ण पैसे परत हवेत. ‘दुरुस्त करून दिलीत तरी चालेल’ हे वाक्य चुकूनही लिहू नका. दुरुस्तीला होकार दिलात की मुदत तेवढी थांबते हे खरं, पण मग डीलरला दुरुस्तीसाठी वाजवी वेळ द्यावाच लागतो. तीस दिवस उलटून गेले, तर आधी दुरुस्तीची एक संधी, ती फसली तर नाकारणं, आणि तेव्हा वापराबद्दल पैसे कापले जाऊ शकतात. इतर वस्तूंना पहिल्या सहा महिन्यांत अशी कपात नाही. मोटारींना मात्र आहे.

तीस दिवसांत गाडी नाकारायची तर दोष ताबा घेतानाच होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. या गंजाला वर्षं लागतात, त्यामुळे ते अवघड नसावं. तरी स्वतंत्र तपासनिसाचा लेखी अहवाल आणि फोटो हवेतच. गाडी तपासनिसाकडे ट्रेलरवरून न्या.

चालवू मात्र अजिबात नका. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणी माफ आहे. म्हणजे त्यांचं पासिंग झालं असं नव्हे. धोकादायक स्थितीतली गाडी रस्त्यावर आणणं हा रस्ते वाहतूक कायदा १९८८ च्या कलम ४०ए खाली गुन्हा आहे, आणि तो चालवणाऱ्यावर येतो. पाटा निसटला तर मागे बसलेल्या तुमच्या मुलांचं काय होईल, याचा विचार करा.

मोर्सच्या दाव्यावर मी फारसा भर देणार नाही. मालिकेतली गाडी १९६० ची, २.४ लिटरची, नंबर २४८ आरपीए. तुमची १९६४ ची. पैसे देण्याआधी पाच मिनिटांत हे कळलं असतं. ‘तसलीच गाडी’ असा अर्थ होता, असं डीलर म्हणेल. पावतीवर ‘हीच गाडी’ असं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, मला पावती पाठवा.

रक्कम दहा हजारांच्या वर असल्याने दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या सोप्या कोर्ट-प्रक्रियेत, बसणार नाही. इथली काउंटी कोर्टं किती रखडतात ते मी रोज बघतो, म्हणून कोर्टाचा विचार नंतर. ईमेलची एक प्रत रेकॉर्डेड डिलिव्हरीनेही धाडा, आणि पोहोचपावती जपून ठेवा.