रांग आणि हजेरीपट

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या भागातल्या कारखान्यांतून माणसे कमी होऊ लागली आहेत, ठेकेदारांकडचे मजूर तर नोटिशीवाचूनच घरी बसले आहेत, आणि म्हणून 2020 च्या टाळेबंदीत तुम्ही चालवलेले अन्नछत्र पुन्हा सुरू करण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून आनंद झाला. मात्र त्याच पत्रात तू असेही लिहिलेस, की सरकारने यातून अंग काढून घ्यावे, कर कमी करावेत आणि लोकांनीच लोकांना सांभाळावे. कारण देणाऱ्याच्या मनात माया असते, कारकुनाच्या मनात नसते. मी जन्मभर कारकुनी केली, तेव्हा मायेबद्दलचे तुझे मत निमूट ऐकून घेतो. सरकारने अंग काढून घ्यावे, या म्हणण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे.

अन्नछत्राची तेव्हाची वही तूच मला दाखवली होतीस. एप्रिलमध्ये दोन्ही वेळचे जेवण, मेअखेर एकच वेळ, आणि जुलैत फक्त रविवारी खिचडी, अशी ती वही होती. रांग त्या प्रमाणात मुळीच घटली नव्हती. तुमची माया आटली नव्हती. ज्यांच्या दारात जाऊन तुम्ही वर्गणी आणत होता, त्यांचेच पगार कापले गेले होते. त्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या मानाने जवळजवळ 24 टक्क्यांनी आकसले होते, आणि देणारा व घेणारा दोघेही त्याच बाजारावर जगत होते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीचेही तेच आहे. 2013 च्या कायद्याने तो मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के ठरवला, म्हणजे नफा घसरला की आज ना उद्या तोही घसरणार, हे कायद्यातच आले. शिवाय मार्च 2020 च्या अखेरीस पीएम केअर्स या पंतप्रधानांच्या निधीला दिलेली रक्कम या दायित्वात धरली जाईल असे जाहीर झाले, आणि तुम्हाला शब्द दिलेल्या एका कंपनीने लगोलग हात आखडता घेतला, ते तू विसरली नसशील. वाईट वर्षी कर्ज काढून खर्च वाढवणे सरकारला जमते. अन्नछत्राला वाणीसुद्धा महिन्यापेक्षा जास्त उधारी देत नाही. त्याच वर्षी केंद्राने रोजगार हमीसाठी अंदाजपत्रकात धरलेल्या 61,500 कोटी रुपयांत मे महिन्यात आणखी 40,000 कोटींची भर घातली, आणि वर्षभरात 7 कोटींहून अधिक कुटुंबांनी त्या योजनेवर काम केले.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. 1973 च्या उन्हाळ्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, मी मराठवाड्यातल्या एका पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर हजेरी कारकून होतो. तालुक्याच्या गावी एका अडत्याने झुणका-भाकरीचे सदावर्त घातले होते. माणूस मनाचा मोठा, स्वतः पंगतीत वाढायला उभा राहत असे. पण बाजारात माल येईना, अडत बसली, आणि होळीच्या सुमारास त्याची चूल विझली. त्याला दोष देण्याचे माझ्या मनात कधी आले नाही. ज्या दुष्काळाने गावकऱ्यांच्या पोटावर पाय दिला, त्यानेच त्याच्या पेढीवरही दिला होता. आमच्या कामावर मात्र दर सकाळी नवी नावे चढत राहिली. मिलो या परदेशी ज्वारीच्या भाकरीला लोक नावे ठेवत आणि खात. लहान पोरांच्या हातात सुकडी असे. आणि एक गोष्ट माझ्या मनावर कायमची कोरली गेली: सदावर्ताच्या वाटेला कधीही न फिरकलेली, एरवी बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या शेतकऱ्याची सून आमच्याकडे डोईवरचा पदर पुढे ओढून खडी फोडायला बसत असे. मजुरी मागताना तिला मान खाली घालावी लागत नव्हती. त्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती.

आमचा कारभार सोवळा होता असे मात्र समजू नकोस. आठवड्याची मजुरी तीन-तीन आठवडे लांबत असे, आणि मेलेल्या माणसांच्या नावापुढे हजेरी लागलेले पट मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यावर तक्रार करता येत असे, एवढाच काय तो फरक. अडत्याची चूल विझल्यावर तक्रार करायला जागाच नव्हती.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधीच करून पाहिलेल्या रोजगार हमीच्या, म्हणजे मागेल त्याला काम देण्याच्या, कल्पनेला या दुष्काळाने बळ दिले. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पैसा कोठून आला, हे तुझ्या पगारपत्रकात आजही दिसेल. दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जाणारा व्यवसाय कर 1975 मध्ये याच हमीसाठी बसवला गेला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने जतच्या किंवा आष्टीच्या मजुराला, त्याचे तोंडही न पाहता, वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची, आणि ती मनात आले म्हणून बंद करायची नाही, अशी ती व्यवस्था. तू कमी करायला सांगतेस त्या करांपैकी हा एक आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

मग अन्नछत्र कशाला, असे तू विचारशील. 1877 साली जुन्नरकडे दुष्काळात दंगे उसळले आणि दुष्काळग्रस्तांसाठी राबणाऱ्या सत्यशोधकांनाही अधिकाऱ्यांनी पकडले, तेव्हा कलेक्टरने बोलावल्यावर सावित्रीबाई फुले यांनी त्यांना सोडण्याची मागणी केली. त्याने त्या माणसांची सुटका केली आणि चार बैलगाड्या ज्वारी दिली, असे सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आहे. लोकांनी दिलेल्या दाण्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईने सरकारी अधिकाऱ्यापुढे आपले म्हणणेही मांडले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात टिळक आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे फॅमिन कोडाने, म्हणजे सरकारच्याच दुष्काळी मदतीच्या नियमांनी, रयतेला काय दिले आहे ते गावोगाव सांगू लागली, तेव्हा सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. धान्य वाटणाऱ्यावर सरकार सहसा चिडत नाही. हक्काचा कागद वाचून दाखवणाऱ्यावर मात्र हमखास चिडते. या दोन्हींपैकी कोणते काम अधिक गरजेचे, याचा माझा अंदाज त्या चिडण्यावरूनच बांधलेला आहे.

सरकारला न दिसणारी माणसे तुम्हाला दिसतात, आणि पहिल्या आठवड्यात तुम्हीच पोचता. मंजुरीचा कागद टेबलावरून हलेपर्यंत पोट थांबत नाही. टाळेबंदीत राज्याने नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांच्या खात्यात 2,000 रुपये जमा केले. शेजारच्याच झोपडीतल्या, वर्षातले 90 दिवस काम केल्याचा दाखला कोणी न दिल्यामुळे नोंदणी राहिलेल्या मजुराला ते मिळाले नाहीत. अन्नसुरक्षेच्या धान्याचा राज्याचा सुमारे 7 कोटी लोकांचा कोटा 2011 च्या जनगणनेवर ठरला, म्हणजे त्यानंतर वाढलेली माणसे त्यात मावतच नाहीत. परगावच्या शिधापत्रिकेवर इथे धान्य मिळते, तरी दुकानदार खुशाल "तुमचे कार्ड इथे चालत नाही" असे सांगून माणसाला परत पाठवतो. त्या दुकानदाराशी भांडायला मजुराबरोबर तुमच्यातला एक जण गेला, तर चार ताटांपेक्षा मोठे काम होते. कारण मग ते धान्य दर महिन्याला येते, तुमच्या वर्गणीचे काहीही होवो.

तुम्ही अन्नछत्र जरूर सुरू करा. पैसे मात्र तीन महिन्यांचे आधी हाती घ्या, आणि ते संपल्यावर काय, हे पहिल्याच दिवशी ठरवा. सकाळी वाढणाऱ्या दहा जणांपैकी तिघांना दुपारी तहसील कचेरीत आणि मजुरांची नोंदणी करणाऱ्या बांधकाम कामगार मंडळाच्या कार्यालयात पाठवा. प्रत्येक अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय त्यांनी परतू नये. रांगेतल्या कोणाचा फोटो काढू नका, तो देणगीदाराने मागितला तरी. मागच्या वेळी याच कारणावरून रांगेतल्या काही बायका यायच्या बंद झाल्या होत्या, असे तूच मला सांगितले होतेस.

नव्या वहीत नाव आणि ताटांची संख्या एवढेच रकाने असतील, तर त्यात आणखी तीन आखून घे: शिधापत्रिकेचा क्रमांक, मूळ गावचे दुकान, आणि मजूर नोंदणी आहे की नाही. पुढच्या रविवारी मी पुण्यात आहे. वही घेऊन ये, अर्जांचे मसुदे मी करून देतो.

तुझा,
काका