सुईत दोरा ओवेना झाला तेव्हा

"मॅडम, नोकरी नाही, पीएफ नाही, वय ४५. आता काही जमेल का, की वेळ निघून गेली?"

म्हातारपणासाठी पैसे साठवण्याबद्दलचा हा प्रश्न मला रिक्षावाले विचारतात, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या विचारतात, घरी शिकवण्या घेणारेही विचारतात. इथे सांगते ती हकीकत सांगलीकडच्या एका शिलाईकाम करणाऱ्या ताईंची. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

ताई आल्या त्या दुकानातून थेट. गळ्यात टेप तसाच. मी म्हटलं, "आत्ताच का यावंसं वाटलं?" तर म्हणाल्या, "रात्री सुईत दोरा ओवायला आता लेकीला हाक मारावी लागते." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "आणि सासूबाई गोळ्यांना पैसे मागतात ना, तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत. भिंतीकडे बघतात. मला तसं व्हायचं नाही."

मुलगा बघेल की, असं नवऱ्याचं म्हणणं. नवरा रिक्षा चालवतो. मुलगा चांगला आहे, बघेलही. पण भिंतीकडे बघून मागणं वेगळं आणि आपल्या पासबुकातून काढणं वेगळं, हे ताईंना माझ्याआधी कळलं होतं.

अटल पेन्शन योजना २०१५ मध्ये आली तेव्हा त्या ३५ च्या होत्या. महिन्याला ९०२ रुपये भरले असते तर साठीनंतर दरमहा ५,००० मिळाले असते. राहून गेलं. आता वयाची चाळिशी उलटल्यावर तिथे प्रवेशच नाही. या हळहळीत मी त्यांना फार वेळ बसू दिलं नाही.

"शिल्लक काही पडत नाही हो," हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. मग पिशवीतून चष्मा काढताना एक वही बाहेर आली. लाल पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली. भिशीची वही. १४ वर्षांची भिशी, एकही महिना चुकलेला नाही. आम्ही दोघी बेरीज करायला बसलो. पहिली ५ वर्षं हजार, पुढची ५ दोन हजार, गेली ४ वर्षं चार हजार. ३ लाख ७२ हजार रुपये! ताई वहीकडे बघतच राहिल्या.

हे पैसे उधळले नव्हते बरं का. पिको-फॉलचं मशीन आलं, मुलाच्या डिप्लोमाची फी गेली, नणंदेच्या लग्नातला आहेर झाला, घरावर नवे पत्रे पडले. पण भिशी लागली की पैसा घरात येतो आणि घरात आलेल्या पैशाला चार वाटा फुटतात. हप्ता भरायची शिस्त या बाईत माझ्यापेक्षा जास्त होती. कमी होती ती सहज हाताला न लागणारी जागा.

म्हणून मी पीपीएफ सुचवलं, म्हणजे पोस्टात किंवा बँकेत उघडता येणारं सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं. एनपीएस ही राष्ट्रीय पेन्शन योजनाही नोकरी नसलेल्यांना २००९ पासून खुली आहे, पण तिथे बाजाराप्रमाणे आकडा खालीवर होतो. तो एकदा खाली आलेला दिसला असता तर ताईंनी भरणं सोडलं असतं असं मला वाटलं. पीपीएफची मुदत १५ वर्षं, म्हणजे बरोबर साठीच्या आसपास. मुदत ऐकून त्या घाबरल्या. "मध्येच अडलं तर?" तिसऱ्या वर्षापासून कर्ज मिळतं, सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते, पण पहिल्या अडचणीला ते पुरणार नाही. म्हणून आधी सहा महिने फक्त अडीनडीचे पैसे बँकेत वेगळे साठवले आणि मगच खातं उघडलं. हा क्रम मी कुणालाच बदलू देत नाही.

भिशी बंद करा असं मात्र मी सांगितलं नाही. तिथे बायका भेटतात, सुखदुःख बोलतात, कुणाच्या घरी आजारपण आलं तर धावून जातात. फक्त भिशी हजाराची केली. उरलेले तीन हजार आणि रिक्षाच्या कमाईतले एक हजार, असे चार हजार पीपीएफला. भिशी असते ५ तारखेला. पीपीएफचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मोजतात, म्हणून पोस्टात जायचं ४ तारखेला. हे त्यांना इतकं पटलं की वहीत नवं पान उघडून त्यांनी वर लिहिलं, "पोस्टाची भिशी".

आजचा ७.१ टक्के दर धरला तर १५ वर्षांत भरलेले ७ लाख २० हजार साडेबारा लाखांच्या आसपास जातात. त्यातले १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर आजच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २४,६०० रुपये. महिन्याचे ८,२०० झाले. दर बदलू शकतात आणि १५ वर्षांनी ८,२०० ची किंमत आजची नसेल, हेही मी स्पष्ट सांगितलं. त्यावर ताईंनीच तोड काढली: "अस्तराच्या ब्लाउजचा दर वाढवला की पोस्टाचा आकडापण वाढवायचा."

परवा त्यांचा फोन आला. पितृपक्षात काम थंडच असतं, त्या महिन्यात पाचशेच भरता आले म्हणून आवाज उतरला होता. मी म्हटलं, "ताई, वर्षाला ५०० भरले तरी खातं चालू राहतं. लग्नसराईत भर घाला."

मग हळूच दुसरी गोष्ट निघाली. दुकानात हातशिलाईला येणारी मुलगी आहे, वय २०. "तिचं अटलमध्ये बसेल ना, मॅडम? पाच हजारांच्या पेन्शनला महिना २४८ पडतील असं सांगितलंय मी तिला."

आकडा बरोबर होता.