एएससीतले हवालदार पेन्शनवर येताना: गोदामाच्या गेटवर की गोदामाच्या आत?

ताई, तुमचे मिस्टर एएससीत, म्हणजे फौजेच्या राशन-वाहतूक सांभाळणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोरमध्ये, हवालदार आहेत, मार्चमध्ये पेन्शनवर येतायत आणि चाकणच्या एका गोदामात सिक्युरिटीची नोकरी जवळजवळ ठरलीय. ती घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः एएससीचा. 2014 ला बाहेर पडलो, तेव्हापासून चाकण-तळेगाव पट्ट्यात डिस्पॅचचं काम करतो. माझं म्हणणं असं, की त्यांनी त्याच गोदामात आतलं काम मागावं.

सिक्युरिटीचं काम कमी दर्जाचं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझे कितीतरी सोबती ते मानाने करतात. पण ज्याने निम्मं आयुष्य गाड्या आणि राशन सांभाळलं, त्याला आतलं काम येत असतं. फौजेत त्याला कुणी सप्लाय चेन म्हणत नाही, म्हणून आपल्याला ते येतं हेच त्याच्या लक्षात येत नाही.

लडाखचंच घ्या. हिवाळ्यात तिकडे जाणारी झोजिला खिंड बंद होते. त्याआधी पिठापासून रॉकेलपर्यंत सगळा साठा वर चढवून ठेवावा लागतो. माणसं किती, रोजचा खर्च किती, गाड्या किती लागतील, मुक्काम कुठे, कुठला माल आधी संपवायचा, हे सगळं धरून चालावं लागतं, कारण एकदा रस्ता बंद झाला की चूक सुधारायला गाडी जात नाही. कंपनीत याचीच नावं फोरकास्ट, रूट प्लॅनिंग, फिफो (आधी आलेला माल आधी बाहेर). बिन कार्ड, म्हणजे मालाची आवक-जावक लिहायचं कार्ड, तर शब्दसुद्धा तोच.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी सांगितलं, "हवालदार, एमटी, कॉन्व्हॉय कमांडर." म्हणजे फौजेच्या वाहन विभागातला, गाड्यांच्या ताफ्याचा प्रमुख. समोरच्या मॅडमनी लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ड्रायव्हर ना?" मी गप्प बसलो आणि ती नोकरी गेली. घरी येऊन वहीच्या एका पानावर मध्ये रेघ मारली. डावीकडे फौजेतलं काम, उजवीकडे तेच कंपनीच्या भाषेत. कॉन्व्हॉय कमांडरसमोर लिहिलं: एका वेळी 20 गाड्या, निघण्यापूर्वी प्रत्येकीची तपासणी, वेळापत्रक, वाटेतले बिघाड, माल उतरवून पावती घेणं. पुढच्या मुलाखतीत ते पानच समोर ठेवलं आणि डिस्पॅच सुपरवायझर म्हणून लागलो. मिस्टर सुट्टीवर आले की दोघं बसून असं पान करा. बायोडाटात आकडे हवेत: किती माणसं हाताखाली, किती गाड्या, किती वर्षं अपघाताविना. मात्र युनिट कुठे होतं, कुठला माल कुठे गेला, यातलं काहीही लिहायचं नाही.

डीजीआरचे, म्हणजे माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या सरकारी महासंचालनालयाचे, पुनर्वसन कोर्स असतात, लॉजिस्टिक्सचेही असतात. जवान आणि जेसीओंची (सुभेदार वगैरे) फी सरकार भरतं, कोर्स 24 आठवड्यांपर्यंतचे असतात आणि नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत युनिटमार्फत अर्ज जातो. मार्च जवळ आलाय, म्हणून आजच फोनवर सांगा की युनिटच्या ऑफिसात विचारा, उद्यावर ढकलू नका. घरी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावनोंदणी करायची. आर्मीच्या लायसन्सवरून नागरी लायसन्स काढायचं कामही युनिटमध्ये असतानाच सुरू करावं, नंतर एकेका कागदासाठी चिठ्ठ्या लिहीत बसावं लागतं. त्यांनी पेट्रोल-डिझेलचे टँकर चालवले असतील तर धोकादायक मालाच्या वाहतुकीचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी. अशी नोंद असलेल्या माणसाला मागणी असते.

शिकावं लागेल ते कॉम्प्युटरवरचं आणि कागदांचं. 2017 च्या जुलैत जीएसटी आल्यावर कंपन्यांनी राज्याराज्यांतली छोटी गोदामं बंद करून मोठी बांधली, आणि आता सगळं स्कॅनर नि सॉफ्टवेअरवर चालतं. एक्सेल रोज तासभर हाताखालून गेलं पाहिजे. एलआर (वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती) म्हणजे काय, पीओडी (माल पोचल्याची पावती) सही-शिक्क्यासह परत आली नाही तर वाहतूकदाराचं बिल का अडकतं, हे समजून घ्यावं. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, तर पाठच हवं: राज्याबाहेर जाणारा 50,000 रुपयांच्या वरचा माल, साध्या गाडीला 200 किलोमीटरला एक दिवस, आणि मुदत संपण्याच्या आधी 8 तास ते नंतर 8 तास एवढ्यातच वाढवून घेता येते. एकदा रात्री अकराला आमच्या 32 फुटी गाडीचा ड्रायव्हर हुबळीच्या अलीकडून बोलला, "साहेब, ॲक्सल गेला." बिल बारा वाजता संपत होतं. मी घरून लॅपटॉपवर मुदत वाढवली आणि मगच मेकॅनिक शोधायला लागलो. हा क्रम फौजेनेच अंगात मुरवलेला होता.

सगळ्यात जड जातं ते माणसांशी वागणं, आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडे 1969 चा माथाडी कायदा आहे, हमालांची टोळी असते, टोळीचा मुकादम असतो, गाडीमागे वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, ठरलेली असते. पहिल्याच आठवड्यात मी डॉकवर, म्हणजे गाडी भरायच्या फलाटावर, फौजी आवाजात ऑर्डर सोडली आणि टोळी जागेवर बसली. पाऊण तास गाडी तशीच उभी. शेवटी मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, वरच्या थराला पुठ्ठा फाटतोय, पोरांची बोटं कापतायत, ते बघा आधी." मी हातमोजे मागवले, दुसऱ्या दिवशी गाडी वेळेआधी भरली. जवानाच्या पायातले बूट बघणारा हवालदार हे सहज करू शकतो, फक्त इथे हुकूम चालत नाही हे त्यांना आधी सांगून ठेवा.

आणि पगाराचं. "पेन्शन आहेच ना, मग एवढ्यात भागेल," असं हमखास ऐकवतील. मलाही ऐकवलं होतं. पेन्शन ही झालेल्या सेवेची आहे, नव्या मालकाला त्यात सवलत मिळायचं काही कारण नाही. त्याच पदावरच्या दुसऱ्या माणसाला जे मिळतं, तेच मागावं आणि तिथे अडून राहावं. रात्रपाळी आणि महिनाअखेरीची धावपळ असते, तेही आधी विचारून घ्या. इतकी वर्षं तुम्ही एकटीने घर ओढलंय, पाळीचं वेळापत्रक तुमच्याशी बोलून ठरायला हवं.

ठरलेली सिक्युरिटीची नोकरी लगेच मोडू नका. त्याच गोदामाच्या वेअरहाउस मॅनेजरना एकदा भेटायचं म्हणा, आणि ते पान सोबत न्यायला सांगा.