मोडेमचा कंट्रोल ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये कसा घालायचा? आमचा ड्रायव्हर कंपनीच्या बोर्डवर नीट चालतो

तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हर स्वतःची डिव्हाइस फाइल बनवतो आणि युजरस्पेसचा, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, प्रोग्राम त्यातून मोडेमशी थेट बोलतो. पहिलं काम म्हणजे ती फाइल काढून टाका, बाकी कितीही सुंदर लिहिलेलं असू दे, अडणार तिथेच.

हे आधी घडून गेलंय. क्वालकॉमची एमएचआय बस, म्हणजे मोडेमशी बोलायचा कर्नलमधला मार्ग, 2020 मध्ये कर्नल 5.7 ला आली, मग तिचे चॅनल जसेच्या तसे युजरस्पेसला उघडून देणारा ड्रायव्हर पाठवला गेला, एकामागून एक व्हर्जन येत राहिले पण तो काही आत गेला नाही, कारण प्रत्येक कंपनीने आपापली वेगळी खिडकी उघडली तर सगळ्या मोडेमना चालेल असा एक इंटरफेस बनणार कधी? मला हा आक्षेप अगदी पटतो. शेवटी कर्नल डेव्हलपर लोइक पुलां यांनी डब्ल्यूवॅन फ्रेमवर्क, म्हणजे सगळ्या मोडेमसाठी तो एक सामाईक इंटरफेस, लिहिलं, त्यावर एमएचआयचा छोटासा कंट्रोल ड्रायव्हर बसवला, आणि 2021 मध्ये 5.13 ला दोन्ही आले. पुढे इंटेलचा आणि मीडियाटेकचा ड्रायव्हरही याच फ्रेमवर्कवर आले.

त्यामुळे तुमचं काम उलट कमी झालंय. पोर्ट एटी आहे, क्यूएमआय की एमबीआयएम (या मोडेमशी बोलायच्या भाषा) ते सांगून रजिस्टर करायचा आणि स्टार्ट, स्टॉप, टीएक्स (डेटा पाठवणारं) ही तीन फंक्शन द्यायची, डिव्हाइस फाइल फ्रेमवर्क बनवतं आणि युजरस्पेसमधला मोडेममॅनेजर प्रोग्राम ती ओळखतो.

एक जागा मात्र नीट बघा. टीएक्समध्ये तुम्हाला एसकेबी, म्हणजे पाठवायच्या डेटाचा बफर, मिळतो. तुम्ही शून्य परत केलं तर तो तुमचा, पाठवून झाल्यावर फ्री तुम्हीच करायचा. एरर परत केली तर तो फ्रेमवर्क फ्री करतं. मी एररच्या वाटेवर पण फ्री करून ठेवलं होतं, म्हणजे एकच बफर दोनदा फ्री. आमच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसलं नाही कारण मोडेम कधी नाही म्हणायचाच नाही, रिव्ह्यू करणाऱ्याने नुसतं वाचून पकडलं. तेव्हापासून मी मुद्दाम एरर आणून बघतो आणि तुम्हीही बघाच.

पाठवायचं कसं ते थोडक्यात. चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) स्ट्रिक्ट लावून चालवा, गेट मेंटेनर स्क्रिप्ट ज्यांची नावं देईल त्या सगळ्यांना सीसी करा, सब्जेक्टमध्ये नेट-नेक्स्ट (नेटवर्किंगच्या नव्या कोडची शाखा) लिहा, एका सिरीजमध्ये 15 पेक्षा जास्त पॅच नकोत आणि नवीन व्हर्जन 24 तासांच्या आत परत टाकू नका. लोकल व्हेरिएबल लांब ओळ वर, छोटी खाली अशा क्रमाने, नेटवर्किंगवाले यावर खरंच परत पाठवतात. मेल फक्त गिट सेंड-ईमेलने. ऑफिसच्या मेल सर्व्हरने माझ्या पॅचमधल्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या होत्या आणि तो पॅच कोणालाच लावता येईना, म्हणून आधी स्वतःलाच पाठवा आणि आलेला मेल गिट एएमने लावून बघा.

साइन्ड-ऑफ-बाय टाकण्याआधी कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, ती ओळ म्हणजे हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे असं तुम्ही स्वतःच्या नावाने सांगताय. आणि मर्ज विंडोच्या, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये नवा कोड घेतला जातो त्या, दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट बंद असतं, तेव्हा पाठवू नका, आरसी1, म्हणजे पहिली चाचणी आवृत्ती, आल्यावर ते उघडलं की मग पाठवा.