आंतरराष्ट्रीय कलाचोरीचा छडा पत्रकार कसा लावतात? पोलिसांच्या हाती न लागलेला चोर त्यांना कसा सापडतो?

बहुतेक वेळा ते चोराच्या मागे लागतच नाहीत. माझ्या मते या कामातला खरा कस, मुळात चोरी झाली हे सिद्ध करण्यात लागतो. बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून १९९० मध्ये १३ कलाकृती गेल्या आणि जगभर बोभाटा झाला. थडग्यातलं भांडं किंवा ओस पडलेल्या देवळातली मूर्ती गेली तर बोंब मारायला कुणी नसतं. पुढे ती नामांकित संग्रहालयात दिसते तेव्हा तिच्या मालकीचे कागद अगदी चोख असतात.

पत्रकार धरतात ते हेच कागद. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानचा नटराज कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये न्यूयॉर्कचा दलाल सुभाष कपूर याच्याकडून ५० लाख डॉलरला घेतला. मूर्ती १९७०च्या सुमारासच भारताबाहेर गेली, असं कागद सांगत होते. (चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यापार रोखणारा युनेस्कोचा करार १९७० चा, पुरावस्तूंच्या निर्यातीवर बंधन घालणारा आपला कायदा १९७२ चा, त्याआधीची तारीख दलालांना का आवडते ते लक्षात येईल.) पण पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेकडे तीच मूर्ती देवळात असतानाचा, कितीतरी वर्षांनंतरचा फोटो होता. पत्रकार जेसन फेल्च आणि मूर्तींचे अभ्यासक एस. विजय कुमार यांनी ही तफावत चव्हाट्यावर आणली. हा नटराज चोळ राजवटीतला, आणि चोळांच्या ओतीव मूर्तींचा साचा प्रत्येक वेळी फोडावा लागतो, त्यामुळे तंतोतंत जुळी मूर्ती निघतच नाही. प्रभावळीतल्या ज्वालांचे बारीक दोषसुद्धा ओळख पटवतात. २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. कपूरला २०२२ मध्ये मूर्तिचोरीच्याच एका खटल्यात कुंभकोणमच्या कोर्टाने १० वर्षांची शिक्षा दिली.

दुसरं उदाहरण इटलीचं. १९९५ मध्ये जिनिव्हाच्या करमुक्त गोदामात जाकोमो मेदिची या इटालियन दलालाने ठेवलेले हजारो फोटो सापडले. ब्रिटिश पत्रकार पीटर वॉटसन यांनी मेदिचीच्या चोरट्या व्यापाराच्या जाळ्याचा बराच पाठपुरावा केला. मातीने माखलेली, तुकडे झालेली भांडी, तीही पोलरॉइडवर! झटपट फोटो देणारा तो एसएक्स-७० कॅमेरा बाजारात आला १९७२ मध्ये. म्हणजे फोटो त्यानंतरचा, आणि त्यात माती लागलेलं भांडं 'जुन्या खानदानी संग्रहातलं' असल्याची थाप तिथेच उघडी पडते.

तुम्हाला यात उतरायचं असेल तर आधी लिलावांचे जुने कॅटलॉग आणि उत्खननांचे, देवळांचे फोटोसंग्रह चाळायला लागा. संग्रहालयाला लेखी प्रश्न पाठवा: ही वस्तू कुणाकडून घेतली, त्याच्याकडे कुठून आली, निर्यात परवाना कुठे आहे? यातल्या ज्या प्रश्नाला बगल मिळेल, तिथून खणायला सुरुवात करा.